चार चौकोन जुळले की उमटणारी फुली

रमजान लागला की मोबाइलवर शुभेच्छापत्रांची रीघ लागते. चंद्रकोर, कंदील आणि मागे ताऱ्यांची निळी-पांढरी नक्षी. ही नक्षी जरा निरखून पाहा. कुठे तारा मध्येच कापलेला असतो, कुठे दोन रेषा एकमेकींना चुकवून गेलेल्या असतात. मोबाइलवर ते खपून जाते. तीच नक्षी वीस फुटी फ्लेक्सवर किंवा पडद्याच्या कापडावर छापली, की प्रत्येक जोड डोळ्यांत खुपतो.

चूक बहुधा ताऱ्यात नसते, कडेला असते. नवखा माणूस आधी सुंदर तारा काढतो आणि मग त्याच्या प्रती शेजारी शेजारी चिकटवत जातो. जुने कारागीर आधी जागा आखून घेत. दहाव्या शतकात बगदादचे गणितज्ञ अबुल वफा बूझजानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कंपास आणि पट्टीच्या त्या कामाची रीत संगणकावरही तशीच चालते.

इलस्ट्रेटर किंवा मोफत मिळणारे इंकस्केप उघडा. 200 पिक्सेल बाजूचा चौकोन काढून त्यात निळा रंग भरा. हे आपले घर. आता पॉलिगॉन टूलने चार बाजूंची, 100 पिक्सेल त्रिज्येची आकृती काढा. तिची प्रत घेऊन ती 45 अंशांत फिरवा आणि दोन्ही आकृत्या एकाच केंद्रावर ठेवून जोडून टाका. आठ टोकांचा तारा तयार झाला. त्याला पांढरा रंग द्या, बाह्यरेषा ठेवू नका, कारण रेषेची जाडी मापात मिसळते. अलाइनच्या आज्ञेने तारा घराच्या बरोबर मध्यावर आणा, चार टोके निळ्या चौकोनाच्या चारही बाजूंच्या मध्यबिंदूंना अचूक टेकतील.

आता सगळे निवडून इलस्ट्रेटरमध्ये ऑब्जेक्ट, पॅटर्न, मेक या आज्ञा द्या. 2012 पासून ही सोय त्यात आहे. इंकस्केपमध्ये एडिटखाली क्लोन आणि मग टाइल्ड क्लोन्स. पडदाभर तारे पसरतात आणि दर चार ताऱ्यांमध्ये चार टोकदार हातांची निळी फुली दिसू लागते. ही फुली आपण कुठेच काढलेली नव्हती. एका घराच्या प्रत्येक कोपऱ्यात तिचा फक्त चतकोर होता. चार शेजारी एकत्र आले तेव्हा ती पूर्ण झाली. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हातांना हे सांगावे लागणार नाही.

बेलबुट्टीलाही हाच नियम. फूल डाव्या कडेवर अर्धे बाहेर जात असेल, तर त्याची प्रत बरोबर 200 पिक्सेल उजवीकडे हवी. 199 चालत नाही. फूल कोपऱ्यावर असेल तर ते चारही कोपऱ्यांवर हवे. कधी पडद्यावर दोन घरांमध्ये केसासारखी रेघ दिसते. अशा वेळी चित्र मोठे करून पाहा. रेघ तेवढीच बारीक राहिली तर तो पडद्याचा खेळ. चित्राबरोबर तीही रुंदावली, तर माप चुकले आहे.

तारा आणि फुलीची ही जोडी तेराव्या शतकातल्या इराणमध्ये कळसाला पोहोचली. वरामीन गावच्या इमामजादा याह्या या दर्ग्याच्या भिंतींवर 1262 च्या सुमारास धातूसारखी चमक असलेल्या फरश्या बसवल्या गेल्या. तिथे तारा वेगळी फरशी, फुली वेगळी. दोन्हींवर वेलीपाने आणि कडेने कुरआनच्या आयतींची बारीक ओळ. प्रत्येक फरशी हाताने रंगवलेली, म्हणून आतली नक्षी निरनिराळी, पण कडा मात्र सर्वांच्या एका मापाच्या. सगळे तुकडे त्या शिस्तीवर एकमेकांत बसले.

एकोणिसाव्या शतकात या फरश्या भिंतीवरून उपटल्या गेल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसह जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. काचेमागे एकटा तारा सुंदरच दिसतो. पण त्याच्या कडांची खाच कशासाठी होती, हे शेजारी फुली असल्याखेरीज कळत नाही.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) बीबी का मकबऱ्यात दिलरस बानू बेगम यांच्या कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलात, तर जाळीतला सर्वांत लहान तुकडा कोणता, जो पुन्हा पुन्हा येतो, तो त्यांना शोधायला लावा. आणि शुभेच्छापत्र स्वतः करणार असाल, तर छपाईला देण्याआधी आपल्या घराच्या चार प्रती जोडून मधला कोपरा तेवढा तपासा.