पडद्यावरचें भय आणि घरांतलीं माणसें

इ. स. १९८८ च्या जानेवारींतील ती रात्र आमच्या घरांत अजून कोणी विसरलेलें नाहीं. दूरदर्शनवर ‘तमस’चा पहिला भाग होता. घरांत संच एकच, तोहि माजघरांत. त्यामुळें वडील मंडळींपासून शाळेंत जाणाऱ्या पुतणीपर्यंत सारीं एकाच सतरंजीवर बसलेलीं. आरंभींच ओम पुरी यांचा नत्थू एका अंधाऱ्या खोपटांत डुक्कर मारावयास जातो. तें जनावर लौकर मरत नाहीं आणि तो प्रसंगहि लौकर संपत नाहीं. वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरांत निघून गेल्या. दादा उठले आणि बटणापाशीं जाऊन म्हणाले, “हें मुलांपुढें नको.” तोंच कोपऱ्यांतून आत्याबाई म्हणाल्या, “राहूं दे रे. बंद करूं नकोस.”

आत्याबाईंचें सासर कराचीचें. एके काळीं तेथें मराठी मंडळींची चांगली वस्ती होती. १९४८ च्या जानेवारींत तेथें दंगल उसळली आणि त्या बोटीनें मुंबईस आल्या. पुढें चाळीस वर्षांत त्या दिवसांविषयीं त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालेलें आम्हीं ऐकलें नव्हतें.

भयंकर देखावा पाहतांना माणसास काय होतें, हा प्रश्न दूरचित्रवाणीबरोबर जन्मलेला नाहीं. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या आरंभीं इराण्यांनीं मिलेटस शहर उद्ध्वस्त केलें, तेव्हां फ्रिनिकस नांवाच्या कवीनें अथेन्समध्यें त्यावर नाटक रचलें. सारें प्रेक्षागृह ढसढसां रडलें, आणि मग अथेन्सकरांनीं कवीला एक हजार द्राख्मा दंड करून तें नाटक पुन्हां करूं नये असा हुकूम सोडला, असें हिरोडोटस सांगतो. दंड कशाबद्दल? तर आमच्याच दुःखाची आम्हांस आठवण करून दिलीस, म्हणून! आमच्या ‘दशरूपका’नेंहि वध, युद्ध वगैरे रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नये असा दंडक घातला आहे, तरीहि भासाच्या ‘ऊरुभंगां’त दुर्योधन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. नियम करणारे आणि नाटक करणारे यांचें कधींच पुरतें जमलेलें दिसत नाहीं.

नाटकगृहांत मनुष्य आपल्या पायांनीं जातो. दूरचित्रवाणी मात्र घरांत येऊन बसते, आणि येथेंच खरी अडचण आहे. १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारीं रात्रीं इंग्लंडच्या बी. बी. सी. नें जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटीफोर’चा नाट्यप्रयोग प्रक्षेपित केला. रूपांतर नायजेल नील यांचें, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिअर यांचें व नायकाच्या भूमिकेंत पीटर कुशिंग. भुकेल्या उंदरांचा पिंजरा नायकाच्या तोंडाशीं आणला जातो तो प्रसंग लोक आपापल्या दिवाणखान्यांत, रविवारचीं जेवणें आटोपून पाहत होते! दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा एकच गदारोळ झाला. कामन्स सभेंत निषेधाचे ठराव मांडले गेले. उलट बाजूनें बी. बी. सी. ची पाठराखण करणारेहि निघाले. नाटक पाहतांना एक गृहिणी मरण पावली, असा मथळा एका वृत्तपत्रानें दिला. गुरुवारीं १६ डिसेंबरला हाच प्रयोग पुन्हां व्हावयाचा होता. तो रद्द करावा, अशी जोराची ओरड झाली. त्या काळीं पुन्हां दाखविणें म्हणजे नटांनीं पहिल्यापासून सारें नाटक पुन्हां करणें. तसें तें त्यांनीं केलें. राणी व आपण तो प्रयोग पाहिला व आम्हांस तो आवडला, असें राणीच्या पतीनीं जाहीर सांगितल्यावर पुष्कळांचा आवाज खालीं आला. दुसऱ्या प्रयोगास सुमारें ७० लाख प्रेक्षक लाभले, असें सांगतात. शिव्या देणारे किती आणि शिव्या ऐकून पाहावयास आलेले किती, हें कोणीं मोजावें?

या साऱ्या तक्रारींत एक गंमत आढळते. “मी स्वतः बिघडलों” असें लिहिणारा मनुष्य क्वचितच सांपडतो. ‘मुलें बिघडतील’, ‘अशिक्षित लोक भडकतील’, ‘दुबळ्या मनाच्या बायका घाबरतील’, असें प्रत्येकजण दुसऱ्याच्याच वतीनें बोलत असतो. ‘तमस’च्या वेळीं तेंच झालें. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनीं केलेल्या या मालिकेनें दंगे होतील, म्हणून प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें. आधीं तात्पुरती मनाई झाली. मग न्यायमूर्ति लेंटिन व न्यायमूर्ति सुजाता मनोहर यांनीं मालिका स्वतः पाहिली आणि मनाई उठविली. पुढें १६ फेब्रुवारी १९८८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तिच्याच बाजूनें निकाल दिला. त्या निकालास आधार घेतला होता तो नागपूरच्या न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांच्या जुन्या निवाड्याचा. परिणामाचें माप समंजस, खंबीर माणसाच्या मनावरून घ्यावें. जिकडे तिकडे धोकाच दिसणाऱ्या कच्च्या मनावरून घेऊं नये, असा त्याचा आशय आहे.

निवाडा उत्तम, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु न्यायालयापुढें समंजस मनुष्य असतो आणि माजघरांत आठ वर्षांची पुतणी असते. ती पुढें आठवडाभर रात्रीं परसांत एकटी जाईना. दादांचें अगदींच चुकलें होतें असें म्हणावयास म्हणूनच माझी जीभ वळत नाहीं. दुसऱ्या भागापासून तिला वहिनींबरोबर आंतल्या खोलींत निजविण्यांत आलें, व तेंच योग्य झालें.

आत्याबाईंनीं मात्र एकहि भाग चुकविला नाहीं. मुलाबाळांसह स्त्रिया विहिरींत उड्या घेतात तो प्रसंग झाला त्या रात्रीं कोणी कोणाशीं बोललें नाहीं. संच बंद झाल्यावर बऱ्याच वेळानें त्या आपण होऊन म्हणाल्या, “आमच्या दुधवाल्याचे महिन्याचे पैसे द्यावयाचे राहिले. मुसलमान होता. निघायच्या दिवशीं सकाळींहि दूध घालून गेला.” किती पैसे, तेंहि त्यांस पाठ होतें. मग दादांनीं हलकेंच एक प्रश्न विचारला, त्या उत्तर देत गेल्या, आणि तें बोलणें उजाडेपर्यंत चाललें. अथेन्सकरांनीं ज्यासाठीं दंड केला, त्याच आठवणीनें आत्याबाईंचें तोंड उघडलें. प्रत्येकाचें असेंच होईल, असें मात्र मीं म्हणणार नाहीं.

याच्या उलट एक तऱ्हा मीं पंचवीस वर्षांनीं पाहिली. जून १९१३ नव्हे, २०१३! (जुन्या माणसाची लेखणी शतक चुकते.) अमेरिकेच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेचा, लग्नाच्या मेजवानींत यजमानच पाहुण्यांचा संहार करतो, तो भाग त्या महिन्याच्या २ तारखेस दाखविला गेला. जॉर्ज मार्टिन यांची मूळ कादंबरी २००० सालींच प्रसिद्ध झालेली. त्यामुळें वाचकांस पुढचें ठाऊक होतें. त्यांतील कित्येकांनीं काय करावें? बेसावध मित्रांना पडद्यासमोर बसवून, त्यांचे किंचाळणारे चेहरे चोरून टिपले व ते जगाला दाखविले. मला त्या मेजवानीपेक्षां हा खेळ अधिक क्रूर वाटला होता. स्वतः मार्टिन यांना तें प्रकरण लिहिणें इतकें जड गेलें, कीं बाकीचें सारें पुस्तक संपवून तें त्यांनीं शेवटीं लिहिलें.

माझ्या धाकट्या पुतण्यानें तो भाग आपल्या खोलींत, कानांत यंत्रें घालून, एकट्यानेंच पाहिला. रात्रीं एकच्या सुमारास तो पाणी पिण्याच्या निमित्तानें स्वयंपाकघरांत आला आणि दिवा लावून तसाच उभा राहिला. दादांना त्या वयांत झोंप कमीच असे. तेहि उठून आले. “काय रे, बरें नाहीं का?” असें त्यांनीं विचारलें. मुलगा आधीं लाजला, मग म्हणाला, “एक गोष्ट पाहिली, आजोबा. सगळीं माणसें मारलीं हो, जेवायला बोलावून.”

दादांनीं खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बैस. कोण कोणाचा होता, तें आधीं नीट सांग.”