17 सप्टेंबरला मुक्त झालो, पण 18 तारखेपासून राज्य कुणाचं होतं? समजून घ्या

रेणापूर : दरवर्षी 17 सप्टेंबरला सकाळी तहसील कार्यालयासमोर झेंडावंदन होतं. शाळेत असताना आम्हीही त्या रांगेत उभे राहिलोय. भाषण ठरलेलं असायचं. निजाम, रझाकार, सरदार पटेल, पोलिस ॲक्शन, शरणागती. टाळ्या. गोष्ट तिथेच संपायची. दुसऱ्या दिवसापासून कारभार कोण बघत होतं, हे कुणी सांगायचं नाही.

उत्तर आहे, लष्कर. मेजर जनरल जे. एन. चौधरी (हेच पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले) हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले आणि 1949 च्या अखेरपर्यंत राहिले. 26 जानेवारी 1950 ला मुख्यमंत्री मिळाले ते एम. के. वेलोडी. तेही निवडून आलेले नव्हते, दिल्लीने नेमलेले आयसीएस अधिकारी होते. प्रौढ मतदानाने निवडून आलेलं पहिलं सरकार आलं मार्च 1952 मध्ये, बुर्गुल रामकृष्णराव यांचं. म्हणजे मुक्तीनंतर साडेतीन वर्षांनी.

आणखी एक गोष्ट. देशाची घटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली गेली, तेव्हा घटना समितीत हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. ती घटना हैदराबादला लागू झाली निजामाच्या फर्मानाने. ज्याच्या विरोधात लढा झाला, त्याच्याच सहीने लोकशाही आली.

यात जर्मनी कुठून आला?

हरलेल्या राजवटीच्या जागी लोकशाही उभी करताना काय अडतं, याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनी. 9 नोव्हेंबर 1918 ला तिथे प्रजासत्ताक जाहीर झालं, कैसर हॉलंडला पळाला, 1919 मध्ये वायमार शहरात घटना तयार झाली. पण न्यायाधीश, अधिकारी, सेनाधिकारी जुनेच राहिले. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मदरबोर्ड जुना, वर सॉफ्टवेअर नवं.

मार्च 1920 मध्ये बंडखोर सैनिक बर्लिनमध्ये शिरले, तेव्हा लष्कराच्या वरिष्ठांनी त्यांच्यावर गोळी झाडायला नकार दिला. सरकार वाचवलं ते कामगारांच्या संपाने. आणि 1925 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोण झालं? कैसरचाच फील्ड मार्शल हिंडेनबर्ग.

हैदराबादचा राजप्रमुख कोण झाला, हे आता सांगायला नको. निजाम मीर उस्मान अली खान. वर्षाला 50 लाखांचा तनखा वेगळा.

मग इथेही तीच चूक झाली का?

नाही, इथली चूक उलटी होती. जर्मनीने मधली फळी जशीच्या तशी ठेवली. हैदराबादमध्ये सर्वात वरचा माणूस राहिला आणि मधली फळी हलवली गेली. निजामाच्या काळातल्या अनेकांच्या जागी मद्रास, मुंबई, मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले. स्थानिक पोरांना वाटलं, निजाम गेला तरी नोकरी आपल्याला नाहीच. 1952 मध्ये मुल्की आंदोलन पेटलं, ‘नॉन-मुल्की गो बॅक’च्या घोषणा झाल्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला हैदराबाद शहरात पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. निवडून आलेलं सरकार तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं होतं.

त्या सरकारचा पायाही भक्कम नव्हता. 175 पैकी काँग्रेसला 93 जागा होत्या, तर कम्युनिस्टांच्या पीडीएफला 42. त्यात लढा लढलेल्या स्टेट काँग्रेसमध्येच गट पडलेले. एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ, दुसरीकडे बुर्गुल आणि दिगंबरराव बिंदू.

मजा म्हणजे या काळातली सर्वात मोठी सुधारणा मतदानाशिवायच झाली. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिऱ्या रद्द केल्या त्या लष्करी राजवटीने. निवडलेल्या सरकारला ते इतक्या झटपट जमलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

न बोललेली गोष्ट

दोन्हीकडे एक दुखणं मात्र सारखंच दिसतं. आपण का हरलो, हे जर्मन जनतेला सरळ सांगितलं गेलं नाही. उलट हिंडेनबर्गने 1919 मध्ये चौकशी समितीपुढे सांगितलं की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. पुढे हिटलरने त्याच खोट्यावर मतं मागितली.

आपल्याकडे रझाकारांचे अत्याचार सांगितले गेले आणि ते खरेच होते. पण पोलिस ॲक्शननंतर मुस्लिमांवर जे झालं, ते दाबलं गेलं. पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. त्यांचा अंदाज होता, कमीत कमी 27 ते 40 हजार बळी. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं. अहवाल सरकारने प्रसिद्धच केला नाही. कित्येक दशकं तो लोकांना वाचायला मिळाला नाही.

तरी इथली लोकशाही का टिकली?

राजप्रमुखाच्या हातात खरी सत्ता नव्हती. वायमारच्या राष्ट्राध्यक्षाला कलम 48 खाली आणीबाणीचे हुकूम काढता यायचे, 1930 नंतर देश बराचसा त्याच हुकमांवर चालला. निजामाला तसं काही करता येत नव्हतं. शिवाय हैदराबाद एकटं नव्हतं, मागे अख्खा देश होता. जर्मनीच्या मागे कुणी नव्हतं, होती ती व्हर्सायच्या तहाची वसुली.

31 ऑक्टोबर 1956 हा निजामाचा राजप्रमुख म्हणून शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. मुक्तीला तेव्हा आठ वर्षं झाली होती. 1 नोव्हेंबरला आमच्या शाळेत कधी झेंडावंदन झालेलं मला तरी आठवत नाही.