तारीख असलेला आकडा : प्रवेश परीक्षा आणि देशाची गणना

सोयाबीनची आवक सुरू झाली की रिसोडच्या बाजारात आकड्यांचीच भाषा चालते. आजचा भाव किती, कालच्यापेक्षा चढा की उतरता, हमीभावाहून किती खाली, मालातील ओलावा किती, या प्रश्नांची उत्तरे व्यापारी घरातील मुलाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीत. केंद्र सरकारने सोयाबीनसाठी २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता, हे त्याला दुकानात बसल्याबसल्या ठाऊक होते. हाच विद्यार्थी बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेसाठी सामान्य ज्ञानाचे पुस्तक उघडतो तेव्हा मात्र देशाची लोकसंख्या, साक्षरतेचे प्रमाण, स्त्री-पुरुष प्रमाण, वनक्षेत्र या आकड्यांपुढे गोंधळून जातो. बाजारातील आकडा त्याला जिवंत वाटतो. पुस्तकातील आकडा केवळ पाठांतराचा विषय होऊन बसतो.

या गोंधळाची किंमत आता वाढली आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटी परीक्षेच्या सामान्य चाचणीत सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचा समावेश आहे. तेथे बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत १२० प्रश्न असतात आणि प्रत्येक चुकीमागे पाव गुण कापला जातो. राज्याच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीतही सामान्य ज्ञानाचा भाग आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांकडे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने वळतात. त्यांच्यासाठीही राज्याने २०२४ पासून प्रवेश परीक्षा सुरू केली. दोन-चार गुणांनी महाविद्यालय बदलते, महाविद्यालय बदलले की शहर बदलते, आणि तालुक्याच्या गावातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा फरक लहान नसतो.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे

विद्यार्थ्यांची पहिली तक्रार अशी असते की, दोन पुस्तकांत दोन आकडे सापडतात. एका पुस्तकात २०११ च्या जनगणनेनुसार भारताची साक्षरता ७४.०४ टक्के, तर दुसऱ्यात ७२.९८ टक्के. एकात स्त्री-पुरुष प्रमाण ९४०, दुसऱ्यात ९४३. एकात लोकसंख्या १२१.०२ कोटी, दुसऱ्यात १२१.०९ कोटी. मुलाला वाटते की यांतील एक पुस्तक चुकीचे आहे. वस्तुतः दोन्ही आकडे जनगणना विभागाचेच आहेत. २०११ च्या मार्चअखेर जाहीर झाले ते तात्पुरते आकडे होते. सर्व अर्जांची छाननी होऊन पुढे अंतिम आकडे प्रसिद्ध झाले. अंतिम लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७, साक्षरता ७२.९८ टक्के आणि दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया. जुन्या पुस्तकांनी तात्पुरते आकडे घेतले आणि पुढील आवृत्त्यांतही ते तसेच छापले गेले.

व्यापाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. कच्च्या खर्ड्यातील बेरीज आणि तपासलेल्या खतावणीतील बेरीज यांत थोडा फरक राहतो, आणि ताळेबंद नेहमी दुसरीवरच होतो. परीक्षेतही जेथे दोन्ही आकडे पर्यायांत असतील तेथे अंतिम आकडाच धरावा.

आर्थिक आकड्यांत हा फेरफार अधिक ठळक दिसतो. २०२३-२४ या वर्षातील देशाच्या स्थूल उत्पन्नाची वाढ मे २०२४ मध्ये ८.२ टक्के सांगण्यात आली होती. फेब्रुवारी २०२५ च्या सुधारित अंदाजात ती ९.२ टक्के झाली. वर्ष तेच, देश तोच; मधल्या काळात अधिक कंपन्यांचे व राज्यांचे हिशेब हाती आले एवढेच. म्हणूनच ‘वाढ किती’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या वर्षाची आणि कोणत्या अंदाजानुसार’ हा प्रश्न येतो.

काय मोजले, हे आधी

दुसरा घोटाळा व्याख्येचा. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष प्रमाण ९४३ होते, आणि २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते १,०२० आले. दहा वर्षांत एवढी उडी कशी, असा प्रश्न चौकस मुलाला पडावाच. जनगणना घराघरांत जाऊन प्रत्येक व्यक्तीची नोंद करते. सर्वेक्षण निवडक कुटुंबांचा नमुना घेते, आणि तो आकडा आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेल्या माणसांवरून काढलेला असतो. कामाधंद्यासाठी बाहेरगावी, वसतिगृहात वा छावणीत राहणारे पुरुष त्यात कमी सापडतात. त्याच सर्वेक्षणात जन्माच्या वेळचे प्रमाण मात्र हजार मुलग्यांमागे ९२९ मुली एवढेच आहे. दोन्ही आकडे एका शेजारी एक ठेवले नाहीत तर भ्रम होतो.

साक्षरतेचेही तसेच. भारतात साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येवर काढतात. तान्ह्या मुलांना भागाकारात धरत नाहीत. याशिवाय ‘टक्के’ आणि ‘टक्के बिंदू’ यांतील अंतर आहे. २००१ मध्ये साक्षरता ६४.८३ टक्के होती, ती ७२.९८ झाली, म्हणजे वाढ ८.१५ टक्के बिंदूंची. मूळ आकड्याच्या तुलनेत ती सुमारे साडेबारा टक्क्यांची ठरते. व्याजाचा दर दोनाचा तीन झाला तर दर एकाने वाढतो, परंतु व्याजाचा बोजा दीडपट होतो, हे ज्या घरात सर्वांना कळते त्या घरातील विद्यार्थ्याने या प्रश्नात गुण गमावू नयेत.

हद्दीचा प्रश्नही ध्यानात ठेवावा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेच्या मूळ अहवालात रिसोड शोधायचे तर ते अकोला जिल्ह्यात सापडेल. राज्ये आणि जिल्हे यांच्या संख्येविषयीचे प्रश्न अशाच कारणांनी चुकतात.

एकाला एक जोडून

सुटा आकडा विस्मरणात जातो, जोडलेला टिकतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, भारताचे ३२,८७,२६३. भागाकार केला तर राज्याचा वाटा सुमारे ९.४ टक्के येतो. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, म्हणजे देशाच्या सुमारे ९.३ टक्के. जमिनीचा वाटा माणसांच्या वाट्याहून किंचित मोठा असल्यामुळे राज्याची घनता देशाहून थोडी कमी असणार, हे न पाठ करताही उमगते. आणि प्रत्यक्षात ती दर चौरस किलोमीटरला देशाची ३८२, तर महाराष्ट्राची ३६५ आहे. चार आकडे एकमेकांना साक्ष देतात.

वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये बारा लाखांच्या आसपास होती. याचा अर्थ, राज्यातील दर शंभर माणसांत सुमारे एक जण वाशीम जिल्ह्यातला. एवढे एक प्रमाण मनात ठेवले की राज्याचा कोणताही मोठा आकडा शंभराने भागून आपल्या जिल्ह्याच्या मापात पाहता येतो.

इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील एककांचाही सराव हवा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. १२१ कोटी आणि १.२१ बिलियन एकच. पर्यायांत शून्य एक इकडेतिकडे करून ठेवलेले असते. तेथे घाईने उत्तर देणारा फसतो.

चौकट : तारखेसह लक्षात ठेवावे असे काही आकडे

- दशवार्षिक लोकसंख्यावाढ, २००१–२०११ (जनगणना, अंतिम) : १७.७ टक्के
- शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण, २०११ : हजार मुलग्यांमागे ९१८
- एकूण प्रजनन दर, २०१९-२१ (पाचवे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) : २.०
- मातामृत्यू प्रमाण, २०१८-२० (नमुना नोंदणी पद्धती) : लाख जिवंत जन्मांमागे ९७
- बेरोजगारीचा दर, २०२३-२४ (नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, १५ वर्षे व पुढील) : ३.२ टक्के
- वन व वृक्षाच्छादन (वनस्थिती अहवाल २०२३) : २५.१७ टक्के, त्यापैकी वनाच्छादन २१.७६ टक्के
- चलनवाढीचे उद्दिष्ट (रिझर्व्ह बँक) : ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा
- महाराष्ट्राच्या जागा : लोकसभा ४८, राज्यसभा १९, विधानसभा २८८, विधान परिषद ७८

आकडे आपल्याविषयीही बोलतात

देशाच्या आकड्यांत आपले घरही मोजलेले असते, ही जाणीव झाली की अभ्यासाला वेगळे गांभीर्य येते. २०११ च्या जनगणनेत जैन समाजाची नोंद ४४,५१,७५३ इतकी झाली. देशाच्या लोकसंख्येत हा वाटा ०.३७ टक्के, दर २७२ भारतीयांमागे एक जैन. यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात आहेत, म्हणजे देशातील जवळजवळ प्रत्येक तिसरा जैन या राज्यातला. जानेवारी २०१४ मध्ये समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक संस्थांचे प्रश्न याच गणनेशी निगडित आहेत.

साक्षरतेच्या रकान्यात समाज आघाडीवर दिसतो. २००१ मध्ये देशाचे प्रमाण ६४.८ टक्के असताना जैनांचे ९४.१ टक्के होते, सर्व धर्मसमूहांत सर्वाधिक. हा आकडा सभांतून अभिमानाने सांगितला जातो. त्याच जनगणनेतील दुसरा रकाना क्वचितच वाचला जातो. शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या. जैन समाजात ८७०. शिखांखालोखाल हा सर्वांत कमी आकडा होता. २०११ मध्ये तो ८८९ वर आला, सुधारला. तरी देशाच्या ९१८ च्या मागेच राहिला. शिक्षण आणि सुबत्ता यांच्याबरोबर मुलीचे स्वागत आपोआप वाढते, या समजुतीला हे दोन रकाने छेद देतात.

वाशीम जिल्हाही यातून सुटलेला नाही. २०१५ च्या जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली तेव्हा मुलींचे प्रमाण चिंताजनक असलेले शंभर जिल्हे पहिल्या टप्प्यात निवडले गेले. महाराष्ट्रातून त्यांत दहा होते. बीड, जळगाव, बुलढाणा यांच्यासोबत वाशीमचेही नाव होते. पुढे २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या बरोबरीने वाशीमची निवड झाली. कोणत्या जिल्ह्याकडे शासनाचे लक्ष जावे, हे आकडे ठरवीत असतात. परीक्षेसाठी ‘९१८’ पाठ करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या आकड्यात तिच्या स्वतःच्या पिढीची गोष्ट आहे; २०११ मध्ये त्या रकान्यात मोजलेली बालके आज महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहेत.

गणनेची परंपरा

देशाची मिळकत मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न दादाभाई नौरोजींनी केला. १८६७-६८ साठी त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये काढले, आणि त्या एका आकड्याने परकीय सत्तेच्या दाव्यांना उत्तर दिले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस होते, व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासमवेत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते.  सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संख्याशास्त्र शेती आणि पोषणाच्या प्रश्नांना लावले व संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठे काम केले. महालनोबिसांच्या जन्मदिनी, २९ जून रोजी, देशात सांख्यिकी दिन पाळला जातो. आकडा हा तहसील कचेरीतील कागद नसून विचारवंतांच्या हातातील साधन होता, हे या नावांवरून विद्यार्थ्याला कळावे.

घरातील अभ्यास

तयारीची पद्धत साधी ठेवता येते. एक वही घ्यावी आणि रोजमेळाप्रमाणे तिचे पाच रकाने आखावेत : काय मोजले, किती, कोणत्या वर्षी, कोणी मोजले, आणि तात्पुरते की अंतिम. दिवसाला चार नोंदी पुरेत. तारीख नसलेले बिल जसे दुकानात स्वीकारत नाहीत, तसा वर्ष नसलेला आकडा वहीत घेऊ नये. आठवड्यातून एकदा घरातील वडीलधाऱ्यांनी वही हाती घेऊन विचारावे. त्यासाठी त्यांना इंग्रजी येण्याची गरज नाही. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतही काढते, आणि जिल्ह्यासाठी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध होते. वीस पुस्तकांपेक्षा ही दोन मूळ साधने अधिक उपयोगी आहेत.

जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील गणनेसाठी बहुतांश देशाकरिता १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली आहे. ती पूर्ण होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले की २०११ चे आकडे इतिहासजमा होतील आणि सर्व पुस्तके नव्याने छापावी लागतील. प्रगणक दारात येईल तेव्हा धर्म, शिक्षण, वय, व्यवसाय या प्रत्येक रकान्यात अचूक माहिती देण्याचे काम घरातील त्याच विद्यार्थ्याकडे सोपवावे, ज्याने प्रवेश परीक्षेसाठी ही वही भरली आहे. कोणता रकाना कशासाठी आहे, हे घरात त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.