एक समाज, अनेक कपाटे

संगमनेरच्या पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाची अनेक गावे आहेत. ह्या समाजाचा इतिहास ग्रंथालयात शोधायचा, तर कोणते कपाट उघडावे?

ड्युई दशांश पद्धतीत पुस्तके विषयानुसार लावतात. त्यामुळे समाजजीवनावरचे पुस्तक ३०५.८ पाशी, चालीरीतींचे ३९० पाशी, लोककथांचे ३९८ पाशी, तर इतिहासाचे ९५४ पाशी मिळते. एकाच समाजाची माहिती अशी चार ठिकाणी विखुरते.

नावांचेही तसेच. सरकारी यादीत 'कोळी महादेव' आहे. घुर्ये यांच्या १९५७ च्या इंग्रजी ग्रंथात 'महादेव कोळी'. गोविंद गारे यांच्या ग्रंथाचे शीर्षक 'सह्याद्रीतील' ह्या शब्दाने सुरू होते. तालिकेत केवळ 'म' पाहणाऱ्याला ते दिसणारच नाही. म्हणून लेखक, विषय आणि शीर्षक अशा तिन्ही वाटांनी शोध घ्यावा.

पुस्तक हाती आल्यावर ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले, हे आधी पाहावे. १८८४ चे अहमदनगरचे गॅझेटियर इंग्रजी राज्यकारभारासाठी लिहिलेले आहे. इंग्रजी दप्तराने ज्यांना दरोडेखोर म्हटले, ते राघोजी भांगरे ठाण्यात १८४८ मध्ये फाशी गेलेले क्रांतिकारक म्हणून पूजनीय आहेत. दोन्ही नोंदी आपण वर्गात शेजारी ठेवल्या, तर पुरावा कसा तपासायचा हे मुले आपोआप शिकतील.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालयही ह्या कामी उपयोगी पडते. आणि पुस्तकांत जे नाही, ते मुलांनी आजी-आजोबांना विचारून, तारीख घालून वहीत उतरवावे.