संत्र्याची बाग व तिला मानवणारी भूमि

काटोल, नरखेड, वरुड व मोर्शी या भागांत संत्रें इतकें कां साधलें? केवळ काळी जमीन हें त्याचें कारण नव्हे. अतिभारी जमिनींत मुळांशीं पाणी तुंबून डिंक्या रोग बळावतो. पीकपाहणीस हिंडतांना अशा वाळलेल्या बागा मीं पाहिल्या आहेत. सातबाऱ्यावर बागाईत लिहिल्यानें जमीन संत्र्यास योग्य ठरत नाहीं. मध्यम काळी, खालीं मुरूम असलेली व निचऱ्याची जमीनच त्यास मानवते.

दुसरें कारण हवामान. हिंवाळ्यांतील थंडीनें झाडास ताण बसून आंबिया बहार फुटतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडल्यास पुढील पावसावर मृगबहार येतो.

तिसरें कारण विहिरींचें पाणी, आणि धोका येथेंच आहे. वरुड-मोर्शीकडे कूपनलिकांच्या अतिउपशानें भूजल खोल गेलें आहे. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं आंबियाचीं फळें गळतात.

म्हणून लागवडीपूर्वीं चार फूट खड्डा खणून निचरा पाहावा, कलमाचा डोळा जमिनीवर वीतभर ठेवावा, आणि वैशाखांत विहिरीस जितकें पाणी उरतें तितक्याच झाडांची बाग करावी. झाड सुमारें ५ वर्षांनीं फळास येतें. तेव्हां कळलेली चूक सुधारण्यास फार उशीर झालेला असतो.