कलेजीतले कोतवाल

पांढुर्ण्याला माझं आजोळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं पोचले तेव्हा मामी कलेजी धूत होती, आणि पलंगावर मामेभाऊ गुडघ्याला पट्टी बांधून बसला होता. गोटमारीत लागलं होतं. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगडांचा पाऊस! मला विचाराल तर ही मजा लांबूनसुद्धा बघू नये.

“काऊन गेलता रे तिकडं?” मामी.

“मी तं नुसता पाहून रायलो होतो!”

पट्टीच्या कडेची कातडी लाल झाली होती, फुगली होती. मी हात लावला तर चक्क गरम. “दगड तर केव्हाच नदीत पडला. मग आता आतून कोण तापवतंय?” मी विचारलं.

“दगडच गरम असन.”

नाही हो! ही धामधूम त्याच्याच रक्तातल्या शिपायांची. त्यांचं नाव न्यूट्रोफिल. हाडांच्या आतल्या मज्जेत मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि रक्ताबरोबर गस्त घालत फिरतात. जखमेची खबर लागली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडायचं, दिसेल तो जंतू गिळायचा आणि तिथंच मरायचं. जखमेतला पिवळा पू म्हणजे बराचसा या मेलेल्या शिपायांचाच ढीग.

या खाऊ शिपायांची गोष्ट पांढुर्ण्यासारख्या संत्र्याच्या गावाला सांगायलाच हवी. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होता. घरच्या मुलांसाठी त्यानं बागेतलं संत्र्याच्या जातीचं छोटं झाडच नाताळासाठी सजवलं होतं. त्याच बागेतून त्यानं गुलाबाचे काटे आणले आणि तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत टोचले. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

तर हे झाले बाहेरून धावून येणारे. गोटमारीच्या दिवशी गावात बाहेरून पोलिसांच्या गाड्या येतात ना, तसे. त्यांना गल्ल्या माहीत नसतात, माणसं माहीत नसतात, आणि काम झालं की ते गावात राहत नाहीत.

पण गावाचा कोतवाल? तो कुठं भेटेल? मी मामीच्या परातीकडं बोट दाखवलं.

कलेजी म्हणजे बोकडाचं यकृत. गंमत बघा, आपण ‘काळीज धडधडलं’ म्हणतो आणि हात ठेवतो छातीवर. खरं यकृत असतं उजवीकडं, बरगड्यांच्या आड. मोठ्या माणसाचं साधारण दीड किलो. त्यातून मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त जातं, आणि त्यातलं पाऊण रक्त येतं थेट आतड्यांकडून, म्हणजे जेवणाचं ताजं सामान घेऊन.

आता सौंसर स्टेशनाची आठवण काढा. छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडी तिथूनच जायची. मोठी लाईन झाली म्हणून आता ती नाही, पण तिचा वेग आजीला अजून पाठ आहे. आतड्यांकडून रक्ताची जाड नळी यकृतात शिरते तेव्हा अशीच मोठ्या लाईनची छोटी लाईन होते. नळ्या इतक्या बारीक की लाल पेशी जवळजवळ एकामागे एक सरकतात. गाडी रेंगाळते. आणि या छोट्या लाईनच्या आतच, भिंतीला चिकटून, हातपाय पसरून बसलेले असतात आपले कोतवाल. त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. समोरून वाहत जाणारा जंतू ते चालत्या गाडीतून उचलून घेतात. थकलेल्या लाल पेशीही गिळतात आणि त्यांतलं लोह पुन्हा वापरायला परत करतात.

कार्ल फॉन कुप्फर १८७६ मध्ये खरं तर यकृतातल्या नसा शोधत होता. त्यासाठी सोन्याचा क्षार वापरून यकृताचे काप रंगवले, तर नसांऐवजी काळ्या चांदण्या दिसल्या. त्या चांदण्या म्हणजे याच पेशी. काम काय करतात ते मात्र त्याला नीट उमगलं नाही.

“मंग ह्या पेशीबी हाडातूनच येतात का?” मामेभाऊ आता सरसावून बसला होता.

इथंच खरी मजा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की कुप्फर पेशींचे पूर्वज पिल्लू आईच्या पोटात असतानाच यकृतात येऊन राहतात, हाडांची मज्जा कामाला लागण्याच्याही आधी. पुढे त्या तिथंच वाढतात, तिथंच आपली संख्या राखतात. रक्तातला न्यूट्रोफिल मात्र बिचारा काही तासांचा पाहुणा.

स्वभावही वेगळा. गस्तीवाला अनोळखी चेहरा दिसला की दंडुका काढतो. कोतवालाला तसं करून चालेल? रोज भाकर, वांग्याची भाजी, संत्रं, या सगळ्यांबरोबर शेकडो अनोळखी कण यकृतात येतात. प्रत्येकावर धावून गेलं तर जेवणागणिक काळीज सुजेल! म्हणून यकृतातली फौज एरवी शांत असते. पण गाफील नसते.

तिथं आणखी एक बिऱ्हाड आहे. १९७६ मध्ये एडी विसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या यकृतात दाणेदार पेशी दिसल्या. त्यांनी नाव दिलं ‘पिट’ पेशी, कारण डच भाषेत पिट म्हणजे फळातली बी. विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या ‘मारेकरी’ पेशींचाच हा प्रकार. माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या १०० पांढऱ्या पेशींत मारेकरी साधारण १०, यकृतात ३० च्याही वर. आणि चिवट किती! दुसऱ्याचं यकृत बसवलेल्या रुग्णांची लंडनच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्या यकृतात मूळ मालकाच्या मारेकरी पेशी १३ वर्षांनंतरही सापडल्या.

“आन् कोतवालच मेले तं?”

तेही करून बघितलंय. उंदराच्या यकृतातल्या कुप्फर पेशी मुद्दाम संपवल्या, तर रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या फिरस्त्या पेशी रिकाम्या जागी उतरल्या आणि काही आठवड्यांत जवळजवळ अस्सल कुप्फर बनल्या. आमची मामीही मूळची नागपूरची. आता तिला पांढुर्ण्याबद्दल वाकडं बोलून बघा!

“मंग डॉक्टरनं माझं रक्त काढलं तं त्यात हे कोतवाल दिसतीन?”

“नाही. दंडातून रक्त काढलं की सापडतात ते फक्त फिरस्ते. कोतवाल बघायचे तर सुई यकृतातच घालावी लागते.”

तो गप्प झाला. तेवढ्यात मामीनं ताटं वाढली. त्यानं कलेजीचा तुकडा उचलला, उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघितला.

“ताई, ह्याच्यात होते?”

“होते की. भरपूर.”

त्यानं तो तुकडा हळूच माझ्या ताटात सरकवला.