गॅरेजवाल्या घराचा उंबरठा

ईस्ट टामाकी, ऑकलंड

ईस्ट टामाकीत घर बघायला गेलं, की एजंट मोठ्या कौतुकाने दाखवतो ते गॅरेज. दोन गाड्या मावतील एवढं, रिमोटने उघडणारं आणि आतल्या दाराने थेट घरात निघणारं. ऑकलंडचा पाऊस बघता ही सोय मोलाचीच आहे. वाणसामान, शाळेची दप्तरं, गाडीत झोपलेलं मूल, सगळं न भिजता आत येतं. पण या सोयीमुळे एक गंमत झाली आहे. घरची माणसं वर्षानुवर्षं गॅरेजमधूनच ये-जा करतात आणि पुढचं दार उघडतं ते कुरिअरवाल्यासाठी, नाहीतर पाहुण्यासाठी. आपण हौसेने तोरण लावतो ते याच दाराला, आणि घरातलं कोणीच त्याच्याखालून जात नाही!

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आमच्या भागाबद्दल. टामाकी नदीच्या पूर्वेला, ऑकलंडच्या मुख्य शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर ईस्ट टामाकी आहे. एका बाजूला हायब्रुकची गोदामं आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला फ्लॅट बुश, डॅनेमोरा, बॉटनीकडे पसरत गेलेली विटांची घरं. शेजारी चिनी, सामोअन, पंजाबी, फिजीतले भारतीय, असे सगळे. घराची ठेवण बहुतेक सारखीच. रस्त्यासमोर गॅरेजचं रुंद शटर आणि पुढचं दार मात्र बाजूला, अंग चोरून उभं. दारावर छोटंसं छप्पर, आत मीटर-दीड मीटर रुंदीचा बोळ. त्यात चपला, छत्र्या, ओली जॅकेटं, मुलांची स्कूटर. सजवायचं म्हटलं तर जागा एवढीच.

जागा लहान असणं आपल्याला नवं नाही. वाड्यांना गणेशपट्टी, पणतीसाठी देवळी आणि आत ऐसपैस ओसरी होती हे खरं. पण गिरगाव-परळच्या चाळींत यातलं काय होतं? एका खोलीचा संसार आणि दारासमोर सामाईक गॅलरी. तरी सकाळी दारापुढची फरशी पुसून रांगोळीचे चार ठिपके पडायचेच. दारात आलेल्याला पाण्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा रिवाज त्या दोन फुटांतही पाळला गेला.

उंबरठ्याचं आपल्याकडे भारीच प्रस्थ. नवी सून माप ओलांडते ते उंबरठ्यावर. बाळंतीण बाळाला घेऊन येते तेव्हा भाकरतुकडा ओवाळून टाकतात तोही दारातच. उंबरठ्यावर बसू नकोस, हे तर प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं. पंढरपूरला नामदेव पायरीवर आजही कोणी पाय देत नाही, लोक तिला हात लावून नमस्कार करतात. येणाऱ्याने क्षणभर थांबावं आणि घरच्याने पुढे होऊन त्याला आत घ्यावं, यासाठीच ही जागा. गॅरेजच्या दारात असं थांबणं होत नाही. शटर खाली येईपर्यंत आपण फ्रिजपाशी पोचलेलो असतो.

या मातीचाही उंबरठा आहे

न्यूझीलंडमध्ये राहून एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे माओरी लोकांचं सभागृह, फारेनुई. पाहुणे आवाराच्या फाटकाशी थांबतात. यजमानांकडची स्त्री उंच सुरात साद घालते, तिला कारांगा म्हणतात. त्या सादेनंतर पाहुणे पुढे येतात. फारेनुईच्या दाराआधी ओसरीसारखा मोकळा भाग असतो. दारावरच्या कोरीव पट्टीला पारे म्हणतात, आणि ती पाहताना मराठी माणसाला गणेशपट्टी आठवल्याशिवाय राहत नाही. पादत्राणं बाहेर काढूनच आत जायचं असतं.

हे घर म्हणजे पूर्वजाचं शरीर मानतात. आढं हा कणा, वासे म्हणजे बरगड्या आणि छपराच्या पुढच्या बाजूने दोन्हीकडे उतरणाऱ्या पट्ट्या म्हणजे येणाऱ्यासाठी पसरलेले हात. ऑकलंडच्या वॉर मेमोरियल म्युझियममध्ये १८७८ साली बांधलेलं ‘होतुनुई’ हे फारेनुई आहे. भारतातून आई-वडील आले, की त्यांना तिथे जरूर न्या. चपला काढून आत जायचं म्हटल्यावर त्यांना निराळं काही सांगावं लागत नाही.

आधी अडगळ, मग सजावट

छोट्या प्रवेशाची सजावट सुरू होते ती सामान काढण्यापासून. घरात चौघं असतील तर दारापाशी जास्तीत जास्त चार जोड ठेवावेत, बाकीचे गॅरेजमध्ये. चपलांचा स्टँड उथळ आणि झाकणाचा घ्यावा. पाहुण्यांच्या चपलांसाठी जागा रिकामी असली, की त्यांना आपण येणार हे माहीत होतं, असं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बसायला स्टूल. गुडघे धरलेल्या आई-वडिलांना एका पायावर उभं राहून बूट काढणं जमत नाही, आणि आधाराला ते भिंतच शोधतात. एक भक्कम स्टूल आणि हात टेकायला जागा, याने जेवढं स्वागत होतं तेवढं महागड्या शोपीसने होत नाही. तिसरी गोष्ट, ओली जॅकेटं टांगायला दोन-तीन खुंट्या. चौथी, माणसाची चाहूल लागताच लागणारा दिवा. जागा उरलीच तर आरसा. अरुंद बोळात आरशामुळे उजेड दुप्पट वाटतो.

घराला तोंड कुठे आहे हेही बघावं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. त्यामुळे उत्तरेच्या दाराला दिवसभर ऊन, आणि इथलं ऊन असं कडक, की प्लॅस्टिकच्या तोरणाचे रंग एका उन्हाळ्यात उडतात. दक्षिणेच्या दाराशी हिवाळाभर सावली आणि ओल, फरशीवर शेवाळं. आपल्याकडे दक्षिणेच्या दाराबद्दल काय म्हणतात ते असो, इथे त्या दाराला जास्तीचा दिवा, फिकट रंगाची भिंत आणि न घसरणारं पायपुसणं लागतं, एवढं नक्की.

तोरण कशाचं?

आंब्याची पानं मिळत नाहीत म्हणून हळहळणारे पुष्कळ. पण चकचकीत, गर्द हिरवी, लांबट पानं इथेही आहेत. कॅमेलिया तर अनेक बागांमध्ये असतो. लोकाटचं झाड एखाद्या शेजाऱ्याकडे निघतं. काराका या इथल्या मूळच्या झाडाची पानं पाहून आंब्याचीच आठवण होते, फक्त त्याची फळं मुलांच्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण बी विषारी असते. पानं आपल्या नाहीतर विचारून शेजाऱ्याच्या बागेतली घ्यावीत, सार्वजनिक उद्यानातली तोडू नयेत.

झेंडूचं गणित उलटं आहे. दसरा येतो इथल्या वसंतात, तेव्हा झेंडू नुकता रुजत असतो. गुढीपाडवा मात्र शरदाच्या सुरुवातीला येतो आणि उन्हाळ्यातला झेंडू तोवर टिकून असतो. म्हणजे फुलांचं घसघशीत तोरण करायचं तर ते पाडव्याला! दसऱ्याला झेंडू हवाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच खिडकीत रोपं करावी लागतात. नाहीतर त्या सुमारास कोफायची झाडं पिवळीधमक झालेली असतात. ती फुलं ओवायला नाजूक, पण पाण्याच्या भांड्यात दारापाशी ठेवली तर शोभतात. गुढीची काठी हार्डवेअरच्या दुकानात बागेच्या विभागात मिळते.

रोजच्यासाठी कापडी किंवा विणलेलं तोरण उत्तम. क्रोशाची, लोकरीची, काचनळ्यांची तोरणं आपल्या आज्या-मावश्यांनी दुपारच्या वेळात केली. त्यावर मण्यांनी ‘सुस्वागतम्’ विणलेलं असायचं. असं एखादं घरी पेटीत पडून असेल तर ते इथे पाठवा, असं मी भारतातल्या वाचकांना आवर्जून सांगेन. धुता येतं, घडी होते, वजन नगण्य आणि ते कोणी केलं हे मुलांना सांगता येतं.

याच दाराला देवनागरीतली नावाची पाटी हवी. इथे घरांना फक्त नंबर असतो. पाटीवर आडनावाबरोबर घरातल्या सगळ्यांची नावं घातली, तर इथे वाढणारं मूल स्वतःचं नाव रोज आपल्या लिपीत बघतं. अक्षरओळखीचा पहिला धडा तिथेच होतो.

रांगोळी, दिवा, तुळस

ऑकलंडच्या वाऱ्यात दाराबाहेरची रांगोळी तासभर टिकली तरी नशीब. काळ्या रंगाच्या प्लायवूडवर किंवा मोठ्या ट्रेमध्ये काढली, की पाऊस आला तर उचलून आत घेता येते. बाहेर काढलीच तर नंतर पाइपने धुऊन टाकू नये, झाडून भरावी. ड्राइव्हवेवरचं पाणी पावसाच्या गटारातून ओढ्यांना आणि पुढे खाडीला मिळतं. हळद-कुंकू थेट कार्पेटवर सांडू देऊ नये, हे सांगायला नकोच.

दिवाळीत इथे घड्याळ पुढे असतं आणि ऑक्टोबरअखेर सूर्य मावळायला पावणेआठ होतात. आकाशकंदिलाची मजा यायला मुलांच्या झोपेची वेळ होते! मग पणत्या लवकर लावून आत आणि खरा काळोख पडल्यावर बाहेर, अशी तडजोड करावी लागते. बाहेरच्या पणतीला काचेची बरणी हवी. आतल्या बोळात धूप घालण्याआधी छताकडे बघावं, स्मोक अलार्म तिथे असेल तर आरती त्याच्या गजरातच होईल.

तुळस इथली थंडी सोसत नाही. एप्रिल-मेपासून तिला घरात उत्तरेच्या खिडकीत ठेवावं आणि ऊब आली की दारात आणावं. रोप इथल्याच ओळखीच्यांकडून घ्यावं, भारतातून बी आणू नये.

गावाकडून येताना, आणि भाड्याच्या घरात

हे येणाऱ्या नातेवाइकांसाठी महत्त्वाचं. आंब्याची ताजी डहाळी, फुलं, बिया सामानात घालू नका. सुकी पानं, लाकडी पट्टी, चौरंग, सुपारी, असं झाडापासून झालेलं काहीही असेल तर ते प्रवासाच्या घोषणापत्रात लिहा आणि अधिकाऱ्यांना दाखवा. सांगितलं तर फार तर वस्तू ठेवून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होऊ शकतो. पितळी समई, कापडी तोरण, मण्यांचं काम बिनघोर आणा.

भाडेकरूंना वाटतं, खिळा ठोकला तर डिपॉझिट जाईल. ११ फेब्रुवारी २०२१पासून इथला कायदा थोडा सैल झाला आहे. भाडेकरूने किरकोळ बदलासाठी लेखी विचारलं, तर घरमालकाने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि खरोखर किरकोळ बदलाला नकार देता येत नाही. घर सोडताना मात्र सगळं पूर्ववत करून द्यावं लागतं. तेवढंही नको असेल तर काढता येणारे चिकट हुक आहेतच. दोन वर्षांत घर बदलायचंय म्हणून दार उघडंबोडकं ठेवणारी कुटुंबं बरीच दिसतात. अशी दोन-दोन वर्षं करता करता मुलं शाळा संपवतात.

राहिला प्रश्न गॅरेजचा. रोज पुढच्या दाराने या, असं कोणी सांगितलं तर पावसात कोणीही ऐकणार नाही. पण काही दिवस ठरवता येतात. सणाचा दिवस, वाढदिवस, मुलांच्या शाळेचा पहिला दिवस, परीक्षा. त्या दिवशी गाडी ड्राइव्हवेवर उभी करायची, घरातल्या एकाने आधी आत जाऊन दार उघडायचं, औक्षण करायचं असेल तर तिथेच.

आणि आई-वडील पहिल्यांदा येतात तो दिवस तर नक्कीच. विमानं बदलत, अख्खा दिवस अवघडून बसून ते इथवर आलेले असतात. बॅगा जड म्हणून आपण गाडी सरळ गॅरेजमध्ये घेतो आणि मुलाच्या, मुलीच्या परदेशातल्या घरात त्यांचं पहिलं पाऊल पडतं ते वॉशिंग मशीन आणि रिकाम्या खोक्यांच्या मधून. बॅगा नंतर काढल्या तरी चालतात. त्यांना आधी पुढच्या दाराशी उतरवावं, नातवंडांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा आणि स्टुलावर बसून त्यांना सावकाश बूट काढू द्यावेत.